डबीविना पंधरवडा

“ताई, ह्यांना विचारा ना, आणखी वाढू का?”

बायकोने असे विचारले तेव्हा कुलपे दुरुस्त करणारा तिचा नवरा त्याच टेबलाशी, हातभर अंतरावर जेवत बसला होता. ताटावरची मान वर न करता तो म्हणाला, “ताई, हिला सांगा, पोट भरलं.”

हा रुसवा असावा, असा पाहणीसाठी आलेल्या बाईंचा आधी समज झाला. परंतु रुसलेल्या माणसांच्या नजरेत जी धग असते, ती येथे नव्हती. बोलक्या यंत्रांच्या सहवासाने माणसांचे वागणे आणि स्वास्थ्य कसे बदलते, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत बाई नोकरीला होत्या. नेमलेल्या घरातले यंत्र पंधरवडाभर उचलून न्यायचे आणि रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे, हे त्यांचे काम. नियम एकच, पण कडक: विचारावे, ऐकावे, मध्ये पडू नये.

“डबी होती तेव्हा कसं चालायचं?” बाईंनी विचारले. यंत्राला त्या घरात डबी म्हणत.

“सोपं होतं हो,” बायको म्हणाली. “मनातलं तिला सांगायचं, ती नीट करून ह्यांना सांगायची. ह्यांचं मला. भांडायला कारणच उरलं नाही. शेजारीण जळायची आमच्यावर.”

“आणि आता?”

“परवा हे स्वतःच्या तोंडानं म्हणाले, सदरा ओला राहिलाय. एवढंच. पण माझ्या छातीत धस्स झालं. वाटलं, आता हात उगारतात की काय.”

“मी साधंच बोललो होतो, ताई,” तो म्हणाला. “आवाज जाडा आहे माझा. ती विसरलीय.”

गोड बोलणे म्हणजे जिव्हाळा, अशी गल्लत शहाणीसुरती माणसेही करतात. शब्द घासूनपुसून गुळगुळीत करता येतो, हे खरे. पण मग तो कोणाच्या तोंडून आला, हेही ओळखू येईनासे होते. हे सारे बाईंना कळत होते. तरीही बायकोच्या काकुळतीला आलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्याने राहवले नाही. “पोट भरलंय म्हणतात, वहिनी,” त्या म्हणाल्या, “पण जेवण फार आवडलं.” पुढचे अर्धे वाक्य त्याने उच्चारलेच नव्हते. बायकोचा चेहरा मात्र खुलला, आणि नवल म्हणजे, त्याचाही.

मग तो पायंडाच पडला. दिवसभर साठवलेले निरोप दोघे संध्याकाळी बाईंच्या पुढ्यात ओतत, आणि बाई त्यांतले काटे काढून ते पोहोचते करीत. प्रश्नावलीतले समाधानाचे गुण भराभर चढू लागले.

संस्थेतले डॉक्टर खूश होते. “तुमचं ते पाहणीतलं घर काय झकास सावरलंय हो, बाई. यंत्र काढलं की माणसं आपोआप ताळ्यावर येतात, हेच तर मी म्हणत होतो. अहवालात पहिलं उदाहरण हेच. सवय अशी सहज सुटते, म्हणजे धोका नाहीच; अहवाल मान्य झाला की ही यंत्रं बाळंतिणींच्या वॉर्डातही बसवायला हरकत नाही.”

“तिथं कशाला?”

“बाळ रडलं तर त्याच्याशी बोलायला कुणी नको? आया दमलेल्या असतात.”

ते घर सावरले नव्हते. त्याने फक्त डबी बदलली होती. उरलेल्या शेवटच्या संध्याकाळी आपण मध्ये एक शब्दही बोलायचा नाही आणि जे दिसेल तेच लिहायचे, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

त्या संध्याकाळी नवरा जिन्यातच उभा होता.

“हिची आई गेली,” तो हलकेच म्हणाला. “सकाळी दुकानात मेव्हण्याचा फोन आला. म्हणाला, तिला तुम्हीच नीट सांगा.”

“सकाळी? आणि वहिनींना अजून...”

“तुमचीच वाट बघत होतो.” नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहावी, तशा सहजपणे तो हे म्हणाला.

“दादा, हे मी नाही सांगणार. हे तुमचंच आहे.”

“माझ्या तोंडून ऐकून ती घाबरेल, ताई. तुम्हाला जमतं.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्याला पुढे घातले.

बायको इस्त्री करीत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते, हनुवटी थरथरत होती. रस्त्यावरच्या परक्या माणसाच्याही ते पाहून काळजात चर्र झाले असते.

“आज... दुकान लवकर बंद केलं,” तो म्हणाला.

तिने त्याच्या चेहऱ्यावरून नुसती नजर फिरवली आणि बाईंकडे पाहिले. “काय म्हणतायत हो हे?”

त्याने पुन्हा तोंड उघडले. ओठ हलले, शब्द फुटेना. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. खोलीत तापलेल्या कापडाचा वास दाटला होता.

अखेर बायकोने इस्त्री बंद केली, अर्धवट राहिलेला सदरा घडी घालून बाजूला ठेवला आणि नवऱ्याकडे पाठ करून ती बाईंसमोर येऊन बसली.

“सांगा, ताई,” ती प्रसन्नपणे म्हणाली. “सावकाश सांगा.”

तिच्या मागून तोही आला. त्याने बाहीने डोळे पुसले, तिच्या शेजारी स्टूल ओढले, आणि आपल्यालाही काही ठाऊक नसावे तसा, कान देऊन ऐकायला बसला.