उलटा खांब

आमच्या गावातल्या लाकडी गिरजाघराबद्दल शहाणी माणसं नाही नाही ते सांगतात. म्हणे, विलायतेहून जहाजात आलं. काही नाही. मेळघाटातल्या सागाचं आहे ते, नत्थुजी सुताराच्या हातचं.

ते बांधलं तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. झाडून साऱ्या बैलगाड्या कापसामागे पळत. गिरजाघराचे ओंडके पावसाळाभर नदीकाठी पडून राहिले आणि त्यांच्यावरच्या गेरूच्या खुणा धुऊन गेल्या. बुंध्याकडचं टोक कळावं म्हणून ती खूण करतात. झाड रानात उभं होतं तसाच खांब घरात उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा लागला तर त्या सुताराच्या घरातली झोप उडते, अशी सुतारांची समजूत होती.

छप्पर बसवून झाल्यावर नत्थुजी खांबांना तेल चोळायला बसला. डावीकडच्या तिसऱ्या खांबावर त्याची बोटं थबकली. फांद्यांच्या गाठी वर झुकलेल्या असायच्या, त्या खाली झुकलेल्या होत्या.

घरी त्याची एकुलती एक लेक शकुन बाळंतपणाला आली होती. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, आणि आता आठव्या महिन्यात तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. हे कधीपासून, ते नत्थुजीनं आठवून पाहिलं. खांब उभा केला तेव्हापासून.

तो पाद्रीबाबाकडे गेला. "साहेब, एक खांब उलटा लागला. मले फिरवू द्या, नाही त झोप उडते."

"परवा पहिली प्रार्थना आहे, नत्थुजी," म्हातारा पाद्री हसला. "आणि इथे झोपायला कोण येणार आहे?"

नत्थुजीला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाद्री जेवायला गेल्यावर त्यानं गुपचूप छपराला टेकू लावले. तेवढ्यात शकुन भाकर घेऊन आली. "बैस, पहार घेऊन येतो," म्हणून तो बाहेर गेला.

गावातली गोदामं भरल्यामुळे व्यापाऱ्यांचा कापूस गिरजाघरातच रचलेला होता. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि त्यात बारीक तंतू तरंगत होते, खाली येता येता पुन्हा वर जात होते. बाहेरचे आवाज दूरच्या गावातले वाटत होते. नत्थुजी परत आला आणि दारातच थांबला. शकुन त्याच उलट्या खांबाला पाठ टेकून गाढ झोपली होती. तिच्या केसांवर, पोटावर कापूस बसला होता.

मागून पाद्री आला. टेकू पाहून तो तोंड उघडणार, तोच नत्थुजीनं ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरले होते.

"फिरवत नाही आता," तो हळूच म्हणाला. "हात लावला त जागी होईन ते."

ऊन भिंतीवर चढेपर्यंत दोघं तसेच उभे होते. पाद्रीनं हातातली टोपीसुद्धा खाली ठेवली नाही.

पुढे रोज दुपारी शकुन तिथं येऊन झोपायची. रविवारच्या प्रवचनात निम्मी मंडळीही पेंगायची, पण त्याचा दोष खांबाला देऊ नये.

महिन्याभरानं मी जन्मले. जिवंत.

खांब अजून उलटाच आहे. सत्तरी गाठली मी, आई जाऊनही वर्षं झाली. डोळा लागेनासा झाला की तिथं जाते आणि तिच्यासारखी पाठ टेकून बसते.