धरणातला हत्ती

पाण्याखालचं जग माणसाने खऱ्या अर्थाने जिंकलं ते आमच्या भोर तालुक्यात, हे मी कुठल्याही सभेत छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. या विजयात पाण्याखाली सर्वांत जास्त वेळ टिकून राहिली ती गेनबाची डावी चप्पल. ती अजून तिथेच आहे. बाकी आम्ही सगळे बुचासारखे वर आलो.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. भाटघरच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. नवं गाव वर माळावर बसलं. येताना लोकांनी देव उचलून आणला, दारं-चौकटी आणल्या, भांडणंही जशीच्या तशी आणली. देऊळ दगडी, ते तेवढं खाली राहिलं. उन्हाळ्यात धरणाचं पोट खपाटीला गेलं तरी देवळावर दोन-तीन पुरुष पाणी असायचंच, कारण ते ओढ्याच्या खोलगटात होतं.

त्या देवळाच्या दाराशी दगडी हत्ती होता, असं माझे चुलते आनंदराव सांगत. गाव उठलं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. "झूल घातल्याला, सोंड वर क्येल्याला, आन पाठीवर दोन मान्सं आरामात बसतील एवढा." पुढे पुढे दोनाची तीन झाली. मी भोरला शाळेत मास्तर म्हणून लागलो तोवर हत्तीवर एक कुटुंब बसत होतं.

जुनं देऊळ आठवणारं, आनंदरावांपेक्षा वयाने मोठं असं गावात एकच माणूस उरलं होतं, रखमाजी. त्याला विचारलं, "खाली हत्ती हुता का?" की तो म्हणायचा, "व्हय, हुता." कुणीतरी गमतीने विचारलं, "आन उंट?" रखमाजी म्हणाला, "व्हय, त्योबी हुता." त्यामुळे साक्ष बाद झाली.

आमची सगुणाकाकू माहेरची किकवीची. ती म्हणायची, "माझं लगीन जमवताना बी यांनी हत्ती सांगितला. माझ्या बाला वाटलं, घरचाच हाय."

तर त्या वर्षी वरच्या देवळाला मंडप घालायचं ठरलं. आनंदराव म्हणाले, दाराशी हत्ती पाहिजे, पहिल्यासारखा. देवळाचा कारभार गेनबाकडे. त्याचं रस्त्यावर चहाचं हॉटेल होतं आणि बोलणं भज्यासारखं, गरम आणि आतून कच्चं. तो पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आनंदराव, हत्ती दावा. मंडपाला लगेच बसवू. न्हाई दावला, तर पुन्यांदा गावात हत्तीचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," आनंदराव म्हणाले, आणि घरी येऊन भाकरी कुस्करत बसले. शेती गावात सगळ्यांचीच होती. हत्ती एकट्या आनंदरावांचा होता. तो काढून घेतला असता तर पारावर त्यांनी तोंड उघडायचं कशासाठी?

नेमका तेव्हाच सोपान रजेवर आला.

सोपान नौदलात पाणबुड्या. कोचीनला असायचा. येताना त्याने तोंडावर बसवायची काच, वाकडी नळी आणि पायात घालायचे बेडकासारखे रबरी पंजे आणले होते. समुद्रातल्या बेटांजवळ पाण्याखाली पोवळ्यांचे खडक कसे असतात, त्यांत पिवळे-निळे मासे कसे फिरतात, नवख्या लोकांना हाताला धरून ते कसं दाखवतात, हे तो पारावर सांगू लागला की लोक बिडी विझली तरी ओढत राहायचे.

"पवळ्याचा खडक?" चंद्राबाईने विचारलं. "मंग भोरातला सोनार एका मन्याला एवढं कशाला मागतो रं?"

"मावशी, त्याला बुडी मारता येत न्हाई," सोपान म्हणाला.

आनंदराव पुढे सरकले. "सोपान, तसलं समदं आपल्या धरनात दावता यील का?"

"पवळी न्हाईत काका. देऊळ हाय."

"मला देऊळच पायजे. दाराशी डाव्या हाताला काय हाय, तेवढंच बघायचं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून नवशिक्यांची शाळा भरली. सोपानची अट सोपी होती. पोहणं यायलाच हवं असं नाही, तो हात धरणार होता. फक्त तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. इथेच आमच्या गावाची पंचाईत झाली. त्याने सगळ्यांना घरून घमेलं आणायला लावलं, त्यात पाणी भरलं आणि तोंड बुडवून नाकाने हळूहळू बुडबुडे सोडायला सांगितलं. पारापासून रस्त्यापर्यंत माणसं घमेल्यात तोंड घालून ओणवी. तेवढ्यात भोरची एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "काय पडलंय हो?" कुणाचंच तोंड रिकामं नव्हतं. शेवटी तोही वाकून एका घमेल्यात बघू लागला.

रविवारी सगळं गाव धरणाच्या काठावर. ज्ञानूची होडी देवळाच्या जागी नेऊन उभी केली. सोपानने नियम सांगितले: "हातात दगुड धरायचा, म्हंजे सरळ खाली जातो. दुसऱ्या हातानं मला धरायचं. कमरंला दोर हाय, जीव घाबरला तर हिसका द्या, वरचा वडून घील. दगुड मातर सोडायचा न्हाई. सोडला की वर."

दोर धरायचं काम माझ्याकडे होतं. पहिला मान गेनबाने मागितला. हत्ती नाही हे बघायचा हक्क त्याचा होता. तो चपलेसकट पाण्यात उतरला. "देवळाकडं जायचंय, वाटंत काटं असतील," म्हणाला. दगड घेऊन दिसेनासा झाला आणि दोन श्वास होत नाहीत तोच फॉस्सकन वर आला.

"काय दिसलं?"

"देऊळ!" गेनबाचे डोळे काचेमागे वाटीएवढे झाले होते. "आरं, जसंच्या तसं! पायऱ्या, दार, समदं हाय!"

"आन हत्ती?"

गेनबा काच पुसू लागला. सोपान त्याच्यामागून वर येत म्हणाला, "कुठनं दिसंल हत्ती? देऊळ दिसल्याबरुबर यांनी हात जोडले. दगुड ग्येला खाली, हे आले वर."

काठावर हशा पिकला. दुसरी ठकुबाई. पोहण्यात ती गड्यांना मागे टाकायची. कासोटा घट्ट मारून, ओट्यात नारळ घालून ती उतरली. थोड्या वेळाने आधी नारळ वर आला, मग ठकुबाई आली. तिनेही हात जोडले होते. मग आणखी दोघे गेले, दोघेही जोडलेल्या हातांनीच वर आले. वास्तविक खाली देव नव्हता. देव चाळीस वर्षांपूर्वीच वर आणला होता, खाली नुसता रिकामा गाभारा. पण देव घरी आहे की नाही ही चौकशी करून हात थोडेच जुळतात!

हात जुळत नव्हते ते फक्त सोपानचे. त्याचं घर दहा वर्षांपूर्वी बौद्ध झालं होतं. त्याच्या आज्याला ज्या देवळाच्या पायरीला शिवू देत नव्हते, त्या देवळात आता त्याचा हात धरल्याशिवाय कुणालाच जाता येत नव्हतं. ही गोष्ट होडीतल्या प्रत्येकाच्या ध्यानात आली होती.  हात सगळ्यांनीच घट्ट धरला.

"असं करू," सोपान वैतागून म्हणाला, "दगुड कमरंलाच बांधू, सुरगाठीनं. कुनाला हात जोडायचं तर खुशाल जोडा. गाठ म्या सोडीन."

माझा नंबर आला, दोर ज्ञानूच्या हाती दिला. काच तोंडावर चढवली, छाती भरून घेतली आणि गेलो.

आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. कानात दडे बसले, सोपानने खुणेने नाक दाबायला लावलं, आणि मग डोळ्यांसमोर हिरवा उजेड उघडला. वरचं ऊन पाण्यातून गाळून खाली सांडत होतं. आधी एक चिंचेचा बुंधा आला, त्याच्या ढोलीतून लहान माशांचा थवा चांदीची नाणी उधळल्यासारखा निघाला. शेतांचे बांध दिसले. कुणाचे तरी बांध, चाळीस वर्षांत एका वितीनेही न सरकलेले! मग देऊळ आलं. शिंपल्यांनी मढलेलं, शेवाळाच्या झिरमिळ्या हलवत उभं. दारातून एक लांबलचक मरळ मासळी सावकाश बाहेर आली, आमच्याकडे पुजाऱ्यासारखं बघितलं आणि परत आत गेली. मला मोठ्याने हसावंसं वाटलं. माझे हात कधी जुळले ते मला कळलं नाही, पण दगड कमरेला होता, मी जागचा हललो नाही.

सोपानने मला दाराच्या डाव्या अंगाला ओढलं. तिथे गाळाचा ढीग. त्याने हाताने पाणी मारलं. गाळ उडाला, सगळं गढूळ झालं, आणि त्या गढूळातून वर वळलेलं काहीतरी बाहेर आलं. मी ते हाताने चाचपलं. सोंड! माझी छाती फुटायला आली होती. सोपानने गाठ सोडली आणि मी वर उडालो.

"सोंड!" मी ओरडलो. "सोंड हाय! म्या हात लावला!"

काठावर एकच गलका झाला. आनंदराव होडीत उभे राहिले, होडी डचमळली, ज्ञानू शिव्या द्यायला लागला. गेनबा काठावरून ओरडला, "सोंड गणपतीला बी असती, मास्तर! बाकीचं काय बघितलं?"

बाकीचं मी काहीच बघितलं नव्हतं. गलका ओसरला. आनंदरावांनी सदरा काढला.

"मी जातो."

"काका, पन्नाशीला आलात तुमी," सोपान म्हणाला.

"मंग? हत्तीचं वय कोन बघतं का?"

काठावरून सगुणाकाकूचा आवाज आला, "घरी अंगावर तांब्या घेताना हुडहुडी भरती, आन आता समदं धरन घ्या अंगावर!" पण ती बोलता बोलता पाण्यात गुडघ्यापर्यंत आली होती.

आनंदरावांनी काच लावली. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्या हिसका दिल्याबिगर वडायचं न्हाई. दिला तरी जरा इचार कर." आणि सोपानचा हात धरून ते गेले.

दोर माझ्या मुठीतून सरसर सुटला आणि थांबला. पाण्यावर बुडबुडे येत राहिले. काठावर एवढी माणसं, पण पोरं रडायचीसुद्धा थांबली. ज्ञानू म्हणाला, "वडा." मी म्हणालो, "हिसका न्हाई." बुडबुडे कमी झाले. काकू कमरेपर्यंत पाण्यात आली. मी दोर मनगटाला गुंडाळला, ओढणार, तेवढ्यात पाणी फुटलं आणि आनंदराव वर आले. काच कपाळावर, नाकातोंडातून पाणी, आणि हसणं थांबेना.

"हाय!" त्यांना एवढंच बोलता येत होतं. "हाय रं, हाय! आरं, हाय!"

"काय हाय?" गेनबा ओरडला.

उत्तर सोपानने दिलं. होडीशेजारी पायांतल्या पंज्यांवर तरंगत तो सरकारी आवाजात म्हणाला, "हत्ती हाय. चार पाय, सोंड वर, पाठीवर झूल. गनपती न्हाई. म्या सवता गाळ काडून बघितला."

मग काठावर जे झालं त्याला जत्राच म्हणायचं. टोप्या उडाल्या. ठकुबाईने तो नारळ अखेर दगडावर फोडला. कुणीतरी रखमाजीला उचलून घेतलं, तो म्हणत होता, "उंट बी बघा, उंट बी असंल." सगुणाकाकू पाण्यात उभ्याउभ्याच पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझ्या बाला सांगाया पायजे हुतं." गेनबाने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आनंदराव, हारलो! मंडपाला हत्ती बसवायचा. उद्याच पाथरवटाला निरोप धाडतो. खालच्यागत हुबेहूब, त्यात सुताचा फरक नको!"

आनंदरावांनी होडीची कड धरली होती. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. सोपान त्यांच्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, माझा आजा सांगायचा, द्येवळाचा हत्ती कोकराएवढा हाय. मला वाटायचं, त्यास्नी लांबनंच बघाया मिळायचं, म्हनून तसा दिसत आसंल."

आनंदरावांनी एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, एकदा काठाकडे. 

"पर हत्ती केवढा करायचा?" काठावरून गेनबाची हाक आली. "पाथरवटाला माप लागंल! सोपान, खालचा केवढा हाय रं? हातानं दाव!"

सगळं गाव पुढे सरकलं. सोपान सरळ मनाचा. माप दाखवायला त्याने दोन्ही हात पाण्याबाहेर काढायला घेतले. आनंदरावांनी होडी सोडली, त्याची दोन्ही मनगटं पाण्याखालीच पकडली आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले,

"सोपाना, बाबा, तेवढं हात पान्यातच ऱ्हाऊ दे."