शेवटच्या दिवशी उमटलेली तारीख

मित्रांनो, मी तारखेचा जुना शिक्का. माझी मूठ लाकडाची आणि पट्ट्या रबराच्या. ॲरिझोनातल्या एका सरकारी कार्यालयात मी आठ वर्षं कागदांवर 'मिळाले' असं उमटत होतो. वंश, धर्म, देश, वय किंवा बाई असणं, यांवरून नोकरीत अन्याय झालेली माणसं तिथे तक्रार घेऊन येत.

२००१ च्या सुरुवातीला मी नवा होतो. तेव्हा माझ्या ठसठशीत आकड्यांचं कौतुक व्हायचं. त्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर अतिरेकी हल्ला झाला आणि त्यानंतर परदेशी वाटणाऱ्या माणसांचे अर्ज फार वाढले. कुणाला दाढीवरून काढलं होतं, कुणाला नावावरून. सुरुवातीला ऐकून वाईट वाटायचं. पुढे वाटेनासं झालं. मी नुसता आपटत राहिलो. शाईची गादी सुकत चालली होती आणि नवी मागवायचं राहूनच जात होतं.

२००२ च्या तीन मे रोजी रत्ना आली. मूळची नागपूरची, जवळच्या चँडलर शहरात एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती. तिचा वरिष्ठ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिच्या उच्चारांची नक्कल करायचा, 'तुमच्या देशात परत जा' म्हणायचा. तिने कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि महिन्याभरात तिलाच काढलं. आमच्याकडे अर्ज देण्याच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

"रत्ना, अजूनही विचार कर यार," तिचा नवरा अंकुर हळूच म्हणाला. "आपण आता माझ्या व्हिसावर आहोत. माझ्या जॉबवर आलं तर?"

"मी साइन केलंय, अंकुर. तू कारमध्ये बस. मी येते."

खिडकीशी डोलोरेस नावाच्या बाई बसत. त्यांनी अर्ज मोठ्याने वाचून खात्री केली आणि मला दाबलं. ठसा फिका उमटला. इंग्रजी तीनचा आठ वाटत होता.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी गादीवर शाईचे थेंब टाकले, मला शेजारी पुन्हा दाबलं आणि खाली सही केली.

मग तपास सुरू झाला. अधिकाऱ्यांनी कंपनीकडून कागद मागवले, रत्नाच्या सहकाऱ्यांचे जबाब घेतले. कंपनीचा वकील म्हणाला, अर्ज आठ तारखेला आला, मुदत संपल्यावर. डोलोरेसबाईंनी मूळ अर्ज त्याच्यासमोर ठेवला. दुसऱ्या ठशातला तीन स्वच्छ होता. वकिलाने तो मुद्दा सोडून दिला.

निकाल लागायला दोन वर्षं गेली. तो रत्नाच्या बाजूने लागला. त्या वरिष्ठाला हटवलं आणि रत्नाला परत बोलावलं.

"ओके," रत्ना म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "मला तिथे परत जायचं नाही. माझं काम चांगलं होतं, एवढं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं."

डोलोरेसबाईंनी निकालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. रत्नाने ती तीनदा वाचली.

२००८ मध्ये संगणक तारीख छापू लागला. डोलोरेसबाई निवृत्त झाल्या. मी आता खणात, गंजलेल्या टाचण्यांजवळ पडून असतो. तक्रार नाही. फारसं काही वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाच्या नावाला, बोलण्याला इतर जण हसले आणि ते मूल तुमच्याकडे आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा. त्याचं शेवटपर्यंत ऐका. मी हजारो अर्जांवर उमटलो, पण मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं.