एक काना जास्त

पाटी रंगवणाऱ्याने एक काना जास्त दिला आणि समान संधी अधिकारी बाई 'सामान संधी अधिकारी' होऊन बसल्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात असं पद पहिल्यांदाच निघालं होतं. समान संधी म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सामान म्हणजे काय, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी दारात रांग लागली. कुणाला झाडू हवा, कुणाला साबण, कुणाचा बल्ब गेलेला. आठवडाभरात बाईंचं नावच पडलं, सामानबाई.

घरी सासूबाई दार उघडताच विचारायच्या, "काय गं, आज किती साबण वाटलेस?" आणि स्वतःच पोट धरून हसायच्या.

बाईंनी पाटी काही बदलून घेतली नाही. चिडचिड व्हायची, का नाही होणार? वीस वर्षं याच कामात घालवलेल्या माणसाकडे लोक झाडू मागत होते! पण साबण मागायला आलेला माणूस दोन मिनिटं टेकतो आणि मनातलं बोलून जातो, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांच्या समानतेवरच्या भाषणांना इतकी माणसं जन्मात कधी आली नव्हती.

एकदा कटिंगच्या काकू आल्या. पुठ्ठा कापायच्या मोठ्या यंत्रावरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी साबण मागितला नाही.

"मॅडम, मुख्य यंत्रचालकाची जागा निघालीय. शुक्रवारी निवड आहे. माझा अर्ज साहेबांनी परत केला."

"का म्हणून?"

"पाच वर्षं यंत्र चालवल्याचा अनुभव पाहिजे म्हणे. कागदावर मी मदतनीस."

"आणि यंत्र कोण चालवतं?"

"मीच की! नऊ वर्षं झाली. आता ज्याला घेणारेत ना, त्या लंबूलाही मीच शिकवलंय. तो आला तोच चालक म्हणून, मी आपली मदतनीस. आम्ही सातही जणी मदतनीसच. बाई दिसली की तोच शिक्का." काकूंचा खणखणीत आवाज एकदम खाली आला. "तीन वर्षांत निवृत्त होईन मी. आत्ता नाही तर कधीच नाही."

बाई तडक व्यवस्थापकांकडे गेल्या. "लेखी पुरावा आणा, लगेच अर्ज घेतो," साहेब म्हणाले. पुरावा नाहीच याची खात्री असली की माणसं अशी गोड बोलतात. हजेरीपटावर मदतनीस, पगारपत्रकात मदतनीस, गळ्यातल्या ओळखपत्रावरही मदतनीस. घोडं तिथेच अडलं.

गुरुवारी दुपारी भांडारपालाने तीन जाडजूड वह्या बाईंच्या टेबलावर आदळल्या. "सामान तुमच्याकडे ना आता? मग वाटपही तुम्हीच सांभाळा. मी सुटलो!"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्याला वह्यांसकट हाकलणार, तेवढ्यात एक पान उघडलं गेलं. हातमोजे. साधे नव्हेत, पोलादी जाळीचे, फक्त कटिंगच्या यंत्रावर देतात ते. रकान्यावर छापलं होतं, 'यंत्र चालवणाऱ्याचे नाव व सही'. त्याखाली काकूंची ठसठशीत सही. दर तीन महिन्यांनी एक, नऊ वर्षांच्या छत्तीस. आणि शेजारी मंजुरीची सही, खुद्द व्यवस्थापक साहेबांची.

बाईंनी भांडारपालाला चहा पाजला, तोही दोनदा. बिचाऱ्याला कारण कळेना.

शुक्रवारी मालकांच्या खोलीत साहेब, लंबू, काकू आणि वही अशी सगळी मंडळी जमली. साहेबांनी वही पाहिली आणि सरकवून दिली. "ही नोंद सामानाची आहे, अनुभवाची नव्हे."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग दोनातलं एक काहीतरी सांगा. नऊ वर्षं काकूंनी यंत्र चालवलं, की नऊ वर्षं तुम्ही यंत्राला हातही न लावणाऱ्या बाईला पोलादी मोजे मंजूर करत होता?"

साहेबांनी आशेने लंबूकडे पाहिलं. लंबू खुर्चीत चुळबुळला, मग ताठ उभा राहिला.

"मला ही जागा हवी होती, मालक. खोटं कशाला बोलू? पण मला यंत्र काकूंनी शिकवलं. पहिले सहा महिने मी नुसता पुठ्ठे उचलून देत होतो. मदतनीस मी होतो."

मालकांनी वहीची पानं पुन्हा एकदा चाळली आणि पेनाचं टोपण काढलं. काकूंची नेमणूक तिथल्या तिथे झाली. उरलेल्या सहा जणींच्या मोज्यांच्या सह्या तपासून त्यांनाही चालक म्हणून नोंदवायचं ठरलं. सासूबाईंनी त्या संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला ही बातमी सांगितली आणि साबणाचा विषय काढला नाही.

सोमवारी बाई मुद्दाम कटिंगला गेल्या. यंत्र धडधडत होतं. काकूंनी मान किंचित तिरकी करून ऐकलं. पातं बोथट झालं की तो आवाज त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. पण आजवर त्यांना साहेबांकडे जाऊन "जरा बघता का, बोथट झालंय वाटतं" असं विचारावं लागे, आणि साहेब सवडीने येत.

"बंद करा!" काकू ओरडल्या. "पातं बदला."

लंबूने खटका ओढला. अख्खं दालन गप्प झालं. पलीकडून येणारे साहेबसुद्धा होते तिथेच थांबले. त्या शांततेत बाईंना इतका आनंद झाला, की भर कारखान्यात त्यांनी डोळे पुसले आणि कोण बघतंय याची पर्वा केली नाही.