माझा नवरा, माझा नोकर

हॉक्सबरी नदीच्या काठी आमचा मक्याचा तुकडा आहे, आणि माझा नवरा सरकारदरबारी माझा नोकर आहे. हसायचं तर खुशाल हसा. मेंढी चोरली म्हणून जेबेझला इंग्लंडातून जहाजात घालून इकडे सिडनीला धाडलं. पुढे मी लेकीला काखोटीला मारून त्याच्या मागोमाग आले. मी मोकळी, तो कैदी. इथे कैद्याला कुणा ना कुणा मालकाच्या हाताखाली राबावंच लागतं. मी अर्ज केला आणि सरकारनं तो मलाच देऊन टाकला. तेव्हापासून तो मला मालकीणबाई म्हणून चिडवतो. खोटं कशाला बोलू, कानाला बरं वाटतं.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. घात केला तो मिठानं. मालकाच्या चिठ्ठीशिवाय कैद्यानं शेताबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा इथला कायदा. परवा घरातलं मीठ संपलं. मी म्हटलं, "जा रे, गावातून मीठ घेऊन ये." हे बायको म्हणून सांगितलं, मालकीण म्हणून चिठ्ठी द्यायची राहूनच गेली. तोही तस्सा निघाला. विंडसर गावाच्या तोंडाशीच शिपायानं त्याची गचांडी धरली.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे आम्ही दोघं उभे. साहेब म्हणाले, "बाई, बायकोच्यानं काही नवरा आवरत नसतो. याला तुझ्याकडून काढून घेतो आणि बेड्या घालून रस्ते बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीत पाठवतो."

त्या टोळीतून माणूस परत येतो तो निम्माच.

"आवरत नाही म्हणता? मग ऐकाच, साहेब!" असं म्हणून मी जेबेझकडे वळले.

"अरे मेल्या, डुकरं बटाटे उकरून गेली तेव्हा कुठे होतास? झाडाखाली घोरत! चुलीपुढे वाळत घालून नवे बूट कुणी जाळले? आणि चिठ्ठी मागायला काय तोंड शिवलं होतं तुझं?"

"हो मालकीणबाई. चुकलं मालकीणबाई." जेबेझनं मान खाली घातली. शिपाई मिशीत हसायला लागला.

मला मात्र थांबता येईना. सुरुवात केली ती साहेबांना दाखवायला, पण आतलं सगळं ढवळून वर आलं. "आणि तुला जहाजात चढवताना पोर्टस्मथच्या धक्क्यावर तान्ही पोर घेऊन मी तुझ्या नावानं ओरडत होते, तेव्हा एकदा तरी मागे वळून पाहिलंस का रे? एकदा तरी?"

साहेबांनी घसा खाकरला. "पुरे बाई, पुरे. तुझ्यापेक्षा टोळीचा मुकादम मवाळ. घेऊन जा याला. चिठ्ठी विसरू नकोस."

माझा जीव भांड्यात पडला. वाटेत जेबेझ म्हणाला, "वळलो होतो, केझिया."

"काय?"

"धक्क्यावर. बेडीत माझ्या जोडीला एक धिप्पाड खाटीक होता. मी वळलो, तो वळला नाही. तोंडावर आपटलो. उठून बघतो तर गर्दीत तू दिसेना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस? मालकीणबाईंना नोकरानं आपणहून काय सांगायचं?"

मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम. इतकी वर्षं उरात जपलेला राग असा वाटेतच सांडून गेला, आणि मला फार, फार बरं वाटलं.

मक्याच्या बांधावर एकामागून एक चालावं लागतं. तो पुढे, मी मागे. दर चार पावलांनी तो वळून माझ्याकडे बघे, आणि ढेकळाला ठेचकाळे.

"समोर बघून चाल, मेल्या," मी दटावलं.

माझ्या नोकरानं त्या हुकमाला काही दाद दिली नाही.