आज मशीन चालवत नाहीत

रागीट म्हणून मी घरात बदनाम आहे. असेन! पण मल्लेश्वरमच्या घरून यशवंतपूरचा माझा कारखाना म्हणजे एक बस. आप्पांना, माझ्या वडिलांना, तीन वर्षांत तेवढी बस सापडली नाही, मग रागावू नको तर काय ओवाळू?

मी टर्नर, लेथ मशीनवर लोखंडी दांडे कातणारी. आयटीआयच्या तुकडीत एकटीच मुलगी. फॉर्मवर सही करताना आप्पा म्हणाले होते, "राजलक्ष्मी, आपण तलवारीची माणसं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ह्या मुलखात घोड्यावरून आलो. आणि तू लोखंड घासायला जाणार?" घरात एक गंजकी तलवार आहे, तिचा केवढा तो तोरा! गिरीराजअण्णा, माझा थोरला भाऊ, बी.ए. होऊन घरी बसून अर्ज लिहायचा. मला मात्र निकालाचा कागद हाती पडायच्या आत लेथवर काम मिळालं. तरी पाहुण्यांना सांगायची ती अण्णाची डिग्री. माझं कुणी विचारलं तर, "कंपनीत आहे." बस्स. झाडू मारते की काय, देव जाणे.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला घरच्यांना आत सोडतात. वर्षातून तेवढाच दिवस. मशीनं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या रघुपतीची तर सासूसुद्धा यायची. मी आपली लेथजवळ उभी, डोळे फाटकाकडे. आप्पा घरी तलवारीच्या पूजेत. मला एवढंच हवं होतं हो, की एकदा त्यांनी मला काम करताना बघावं. माझ्या हातून दांडा कसा झरझर उतरतो, ते बघावं. शाबासकी नको, काही नको.

सत्त्याण्णव साली मी फाटकाकडे बघणंच सोडलं. आणि कोहळा फुटला न फुटला, तोच आमचे सुपरवायझर कल्लाप्पा ओरडले, "अगं, तुझे वडील आले!"

आप्पाच. डोक्याला जरीचा फेटा, कपाळाला पूजेचं गंध. घाम पुसत म्हणाले, "चुकीच्या बसमध्ये बसलो. कुठलं तुझं?"

मी दाखवलं. त्यांनी चपला काढल्या, माळेखालून वाकून लेथ नीट पाहिला. मग म्हणाले, "चालव बघू."

"आज चालवत नाहीत, आप्पा. आज हत्याराला हात लावायचा नसतो."

"अरे, हो की." घरची तलवारही त्या दिवशी कुणी हलवत नाही. "मग उद्या येतो."

"उद्या घरच्यांना आत सोडत नाहीत."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही आजच्याच दिवशी बोलावतील."

तीन वर्षं मी वाट पाहत होते आणि हे माझ्याच टाळक्यात आलं नव्हतं! शहाणी कुठली! मला तिथेच रडू फुटलं.

आप्पा शेजारच्या खोक्यावर बसले. "रडतेस काय? तोंडाने सांग. दांडा लावतेस कुठे?"

मग मी सांगत सुटले. दांडा कसा आवळायचा, पातं किती टेकवायचं, केसभर जास्त कापलं की सगळी मेहनत भंगारात. माझे हात नुसते हवेत चालले होते. जन्मात पहिल्यांदा आप्पांनी माझं बोलणं मध्येच तोडलं नाही. फाटकावर शिट्टी झाली तेव्हा उठता उठता म्हणाले, "आणि आवाज कसा होतो गं?"

एवढी घोडी मी, सगळ्यांसमोर तोंडाने लेथचा आवाज काढला. घुर्रर्र करून. रघुपतीची सासू पदर तोंडाला लावून हसत होती. आप्पांनी डोळे मिटून ऐकला.

"सरी, बरं," म्हणाले. "राहिलेलं पुढच्या वर्षी सांग."

पुढच्या श्रावणात आप्पा गेले. खंडेनवमीला मी लेथला माळ घातली, तो खोका पुसून ठेवला, आणि पुन्हा वेड्यासारखी फाटकाकडे बघत बसले.