दिवा कुणापाशी

डोरीनने लेस्ली पेनहॅलोंच्या कॉलरला माइकचा चिमटा लावला, वाकडा वाटला म्हणून काढला आणि पुन्हा लावला. लेस्ली हनुवटी वर करून उभे होते. पडद्यापलीकडे इंग्लंडातल्या स्कारबरो गावच्या त्या हॉटेलचा नाचाचा हॉल गच्च भरला होता. निम्म्या लोकांच्या अंगात कप्तान थॅरोचा निळा कोट होता, घरी शिवलेला, कुणाला पोटावर न बसणारा.

“आज एकच गोष्ट सांगायची,” ती म्हणाली. “थॅरो मेला. तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात तेच.”

“तू बाजूला असशील ना, लेफ्टनंट?”

“असणार की, कप्तान.”

तिला मनातून गुदगुल्या झाल्या. हल्ली ते फोनवरही तिला लेफ्टनंटच म्हणत. एवढा मोठा नट आपल्याशी अजून त्या कप्तान-लेफ्टनंटच्या खेळात रमतो, याचं तिला कोण कौतुक!

‘सातवं बंदर’ ही अंतराळातल्या जहाजाची मालिका बंद पडली तेव्हा डोरीन कॉलेजात होती. शेवटच्या भागात लेस्लींनी रंगवलेला कप्तान थॅरो जहाजावरचा दिवा विझवून एकटाच अंधारात निघून जातो. तो मेला, हे तिने तेव्हाच रडून स्वीकारलं होतं. आता त्याचा सिनेमा येत होता आणि थॅरोच्या भूमिकेत रॉरी कॅफर्टी नावाचा कोवळा पोरगा होता. तो जुनाच थॅरो मानायचा की दुसराच कुणी? मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाचा निकाल आज लागणार होता. डोरीनच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. हा पोरगा थॅरो ठरला, तर लेस्ली उद्यापासून नुसते ‘आधीचे’.

विरुद्ध बाजूला मंडळाची अध्यक्ष जेम्मा होती. तिची सगळी भिस्त एका जुन्या भागातल्या डॉक्टरीणबाईंच्या वाक्यावर: माणसाच्या आठवणी दुसऱ्या देहात हलवता येतात. म्हणजे देह नवा, थॅरो तोच. डोरीनने या वाक्याची वर्षभर सालं काढली होती. कुणीतरी जाता जाता बोललेल्या वाक्यावर माणसं बदलता येत नाहीत, असं तिने जेम्माला तोंडावर सुनावलं होतं.

खरं तर जाता जाता बोललेल्या वाक्यांवरच या मंडळींचं पोट भरत होतं. मालिकेत चूक नसते, कारण सापडायचं बाकी असतं, हा त्यांचा धर्म. एकदा रंगभूषाकाराने थॅरोच्या डाव्या गालावरचा व्रण चुकून उजव्या गालावर काढला. ते जहाज त्या भागात उलट्या विश्वात शिरलं होतं, हे डोरीननेच सिद्ध करून दाखवलं. तेव्हापासून तिचा मंडळात दरारा होता.

लेस्ली मंचावर आले तशी टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. रॉरी आधीच पलीकडच्या खुर्चीत बसला होता. तो अदबीने उठला. डोरीनने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

जेम्माने वेळ घालवला नाही.

“मिस्टर पेनहॅलो, दिवा विझवून तुम्ही निघालात. पुढे थॅरोचं काय झालं? तुम्ही सांगाल ते आम्ही सगळे मानू.”

लेस्लींनी डोळे बारीक करून प्रकाशझोताकडे पाहिलं.

“माझं दृश्य कधी आहे?”

हशा पिकला. डोरीनही हसली.

“मला कुणी संवाद दिलेले नाहीत,” लेस्ली म्हणाले. “फ्रँक कुठाय? व्रण काढायचाय अजून.”

आता हसणारे थोडे होते. फ्रँक म्हणजे तो रंगभूषाकार. त्याला जाऊन किती वर्षं झाली, हे डोरीनला ठाऊक होतं. त्याच्या अंत्यविधीला ती लेस्लींच्या शेजारीच उभी होती. आज नाश्त्यालाही त्यांनी फ्रँकची चौकशी केली होती आणि तिने, काय फिरकी घेतात हे, म्हणून पावाला लोणी लावलं होतं. तिला आता एकेक आठवलं. लेफ्टनंट. तेच ते किस्से, एकाच फोनवर दोनदा. इतकी वर्षं चुकांना कारणं शोधायची सवय लागलेल्या या बाईने हीही कारणं शोधून ठेवली होती, आणि एकदाही साधं विचारलं नव्हतं, लेस्ली, तुम्ही बरे आहात ना?

पुढच्या रांगेत एकाने फोन उंच धरला. मग दुसऱ्याने. लेस्लींचा हात कोटाचं बटण चाचपत राहिला. एवढ्या लोकांपुढे आपलं काहीतरी हरवलंय इतकंच त्यांना कळत होतं. ते भ्यायले होते.

“काय झालं थॅरोचं?” मागून कुणीतरी ओरडलं. “बोला ना, कप्तान!”

डोरीनने मंचावर येऊन टेबलावरचा माइक उचलला.

“त्यांना आठवणार नाही,” ती म्हणाली. “आठवताच कामा नये. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? आठवणी दुसऱ्या देहात हलवल्या की पहिल्यात काही उरत नाही. तुम्हाला अजून कळलं नाही? ते मघापासून तेच तर करून दाखवताहेत.”

जेम्मा तिच्याकडे बघतच राहिली.

“डोरीन, अगं, म्हणजे नवा थॅरो...”

“तोच थॅरो. मी चुकले होते. झालं समाधान?”

एक टाळी पडली आणि सगळा हॉल उभा राहिला. काय अभिनय! या वयात! होकाराचा कौल द्यायची त्यांची रीत होती, खिशातली विजेरी पेटवायची. बघता बघता हॉलभर विजेऱ्या लागल्या. फोन खाली गेले. जेम्मा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तिने लेस्लींच्या हाताकडे पाहिलं, मग डोरीनकडे, आणि निमूटपणे आपली विजेरी पेटवली.

ते उजेड पाहून लेस्लींची पाठ ताठ झाली. मालिकेत पहारा बदलताना कप्तान विचारायचा तो प्रश्न त्यांनी विचारला, जुन्या, भरदार आवाजात:

“दिवा कुणापाशी आहे?”

याला हॉलचं उत्तर ठरलेलं होतं: तुमच्यापाशी, कप्तान. पण आता कप्तान कोण, हे त्यांनीच नुकतं ठरवलं होतं. सगळे घुटमळले. लेस्ली वाट पाहत उभे होते.

रॉरी पुढे झाला आणि सलाम ठोकून म्हणाला, “तुमच्यापाशी, कप्तान.”

हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. एकाही जाणकाराने हरकत घेतली नाही.

पडद्यामागे डोरीनने लेस्लींना खुर्चीवर बसवलं आणि कॉलरचा चिमटा सोडवू लागली. तो निघता निघेना.

“आवाज छान आहे पोराचा,” लेस्ली म्हणाले. “कोण तो?”

वर्षभर तिने रॉरीला नाही नाही ती नावं ठेवली होती.

“कप्तान थॅरो,” ती म्हणाली.

“अस्सं?” लेस्लींनी सुटकेचा निःश्वास टाकला. “मग मी घरी गेलो तर चालेल.”